गुडघेदुखी असलेल्या आत्यांसोबत नागपूर दर्शन : मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या सत्तरी ओलांडलेल्या आत्या डिसेंबरात पुण्याहून आमच्याकडे येत असून, त्यांना एका रविवारी नागपूर दाखवण्याचा विचार आहे. मात्र गुडघ्यांमुळे त्यांना पायऱ्या चढणे जड जाते. सकाळी तर्री पोहे खाऊन (हे त्यांनी आधीच बजावले आहे) जयप्रकाशनगरहून मेट्रोने झिरो माईलला उतरावे, मैलाचा दगड पाहून 1863 साली सुरू झालेले अजब बंगल्याचे संग्रहालय बघावे आणि दुपारनंतर दीक्षाभूमीवर जावे, असे ठरवले आहे. 1956 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, ती जागा पाहण्याची त्यांची फार जुनी इच्छा आहे, त्यामुळे बाकी काही गाळले तरी चालेल. सीताबर्डीचा किल्ला वर्षातून मोजकेच दिवस उघडतो, म्हणून तो सोडला. दीक्षाभूमीच्या स्तूपात आणि अजब बंगल्यात चाकांची खुर्ची मिळते का, ती कोणाकडे मागावी आणि आत कितपत चालावे लागते, हे अलीकडे ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगावे. संध्याकाळी फुटाळा तलावावर रविवारची गर्दी त्यांना झेपेल, की अंबाझरी तलाव बरा?