नैनीतालच्या सहलीत एकच दिवस मोकळा आहे : पक्षी पाहायला साततालला जावे की पंगोटला?

प्रश्न

नमस्कार. मी कोल्हापूरचा असून रविवारी रंकाळा, कळंबा किंवा राजाराम तलावावर पक्षी पाहतो, आणि दाजीपूरलाही काही वेळा गेलो आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही घरची मंडळी नैनीतालला जात आहोत आणि त्यातला एक दिवस पक्षीनिरीक्षणासाठी राखून ठेवला आहे. ठरवलेला गाइड म्हणतो की पहाटे सातताल करून दुपारपर्यंत पंगोट गाठू. बरोबर वडील आहेत आणि गुडघ्यांमुळे त्यांना चढण झेपत नाही. एका दिवसात दोन्ही ठिकाणे करावीत का? आणि मोनाल हा हिमालयातला रंगीबेरंगी रानकोंबडीसारखा पक्षी दिसण्याची शक्यता आहे का?

प्रतिसाद १

दोन्ही ठिकाणे एका दिवसात करू नका. साततालची उंची साधारण १,३७० मीटर आहे आणि पंगोटची २,००० मीटरच्या आसपास. हिमालयात कोणता पक्षी दिसणार हे मुख्यतः उंचीवर ठरते, त्यामुळे एका दिवसात एकच उंची नीट पाहिलेली बरी. शिवाय पक्ष्यांची सर्वाधिक हालचाल उजाडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत असते आणि दिवसभरातली ही सर्वांत मोलाची वेळ आहे.

वडील बरोबर आहेत म्हणून साततालच निवडा. तिथे ओढ्याकाठी ‘स्टुडिओ’ या नावाने पक्षीनिरीक्षकांत ओळखली जाणारी एक जागा आहे, जिथे पक्षी पाणी प्यायला आणि अंघोळीला आपणहून येतात आणि माणसाने फक्त शांत बसायचे असते. ओढ्यातल्या दगडांकडे लक्ष ठेवा. प्लंबियस रेडस्टार्टचा करडा-निळा नर ओल्या दगडावर बसून आपली तांबूस शेपटी सारखी पसरतो आणि मिटतो, मधेच एखाद्या किड्यामागे हवेत झेपावतो आणि बहुधा पुन्हा त्याच दगडावर येतो. मी त्या एका पक्ष्यासमोर पाऊण तास बसलो होतो. हिवाळ्यात आपल्या सह्याद्रीत उतरणारा व्हर्डिटर फ्लायकॅचर त्या दिवसांत तिकडे विणीसाठी परतलेला असतो. दाजीपूरला पाहिलेला पक्षी त्याच्या उन्हाळी घरी भेटतो तेव्हा फार आनंद होतो.

झाडीतून कुत्र्यासारखे भुंकणे ऐकू आले तर ते भेकर समजा, राधानगरीत ऐकू येते तेच. ते बराच वेळ थांबेना तर जवळपास बिबट्या असू शकतो. अशा वेळी गाइडच्या सांगण्याबाहेर एक पाऊलही टाकू नका.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे, पण गाइडशी एक गोष्ट आधीच बोलून घ्या. आमच्या गाइडने मोबाइलवर पक्ष्याचा आवाज पुन्हा पुन्हा लावला आणि एक छोटा पक्षी आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून आमच्या डोक्यावरच्या फांद्यांवर जवळजवळ वीस मिनिटे सैरभैर फिरत राहिला. त्याच्या चोचीत अळी होती, म्हणजे ती पिलांसाठी असणार, आणि तेवढा वेळ ती पिलांपर्यंत पोहोचली नाही. आम्हाला फोटो मिळाले, पण मी ते अजून कोणाला दाखवलेले नाहीत. एप्रिल ते जून हा तिकडच्या बहुतेक पक्ष्यांचा विणीचा काळ असल्याने आवाज लावायचा नाही, अशी अट पैसे ठरवतानाच घालावी.

प्रतिसाद ३

मोनालबद्दल सांगतो. साततालला त्याची अपेक्षा ठेवू नका, कारण उन्हाळ्यात तो वृक्षरेषेच्या (जिच्या वर झाडे वाढत नाहीत) आसपास आणि तिच्या वरच्या गवताळ उतारांवर असतो. त्याच्यासाठी गढवालमधले चोपता गाठून तुंगनाथची चढण चढावी लागते. मंदिर सुमारे ३,६८० मीटरवर आहे. तिथे पहाटे एक नर चोचीने माती उकरून कंद शोधताना मी पाहिला. उन्हाची पहिली तिरीप पडेपर्यंत तो काळसर दिसत होता, आणि मग मानेवर तांबे, पाठीवर हिरवा-जांभळा असे रंग एकेक करून उजळले. चाहूल लागताच त्याने उताराच्या दिशेने झेप घेतली आणि पाठीवरचा पांढरा पट्टा दरीत दिसेनासा झाला. ती सहल वेगळी करा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आजच गाइडला फोन करून पंगोट रद्द केले आणि आवाज लावायचा नाही हेही सांगितले. त्याने ते लगेच मान्य केले. वडिलांसाठी घडीची खुर्ची सोबत घेत आहे.