बास्केटबॉल गेममधील शॉटचे टायमिंग आणि कंट्रोलर स्क्रिप्ट : पुणेकरांचे अनुभव

धागाकर्ता, नारायण पेठ
‘एनबीए २के’ या बास्केटबॉलच्या गेममध्ये बटण दाबून धरायचे आणि अचूक क्षणी सोडायचे, की शॉट बसतो. हा गेम खेळणाऱ्या पुणेकरांपैकी अनेकांनी क्रोनस झेनसारखे उपकरण किंवा संगणकावरील स्टीम इनपुट वापरून शॉटचे टायमिंग बसवून पाहिले आहे. बटण किती मिलिसेकंद दाबून धरायचे, याचा एकाला लागू पडलेला आकडा दुसऱ्याच्या घरी का चालत नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा वाद आहे. ज्यांनी स्वतः खटपट केली आहे त्यांनी सविस्तर लिहावे. ऑनलाइन सामन्यात माणसाविरुद्ध स्क्रिप्ट (बटण आपोआप दाबणारा-सोडणारा छोटा प्रोग्राम) चालवणे ही लबाडी आहे, असे माझे स्पष्ट मत असल्यामुळे अनुभव सरावाचे किंवा संगणकाविरुद्धच्या सामन्यांचे असावेत, एवढी विनंती.

कोथरूड
झेन हे कंट्रोलर आणि कन्सोल यांच्या मध्ये जोडायचे असते आणि त्याची स्क्रिप्ट संगणकावरील झेन स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये, जीपीसी नावाच्या भाषेत लिहितात. शॉटपुरती स्क्रिप्ट अगदी लहान असते. शॉटचे स्क्वेअर बटण दाबल्याचे कळताच एक कॉम्बो (ठरलेल्या क्रियांचा क्रम) सुरू होतो, तो त्या बटणाची किंमत ठरावीक मिलिसेकंद १०० वर धरून ठेवतो आणि मग शून्यावर आणतो. तयार मिळणाऱ्या स्क्रिप्टमध्ये इतके पर्याय कोंबलेले असतात की नेमके काय बिघडले तेच कळत नाही, म्हणून मी माझी स्वतंत्र लिहिली. एल२ बटण धरून डी-पॅडचे, म्हणजे दिशांच्या बटणांतले, वरचे किंवा खालचे बटण दाबले की आकडा ५ ने वाढतो किंवा घटतो आणि झेनच्या छोट्या पडद्यावर दिसतो. ही सोय केल्यापासून दर वेळी संगणकाकडे धाव घ्यावी लागत नाही.

धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की आकडा घराचा नसतो, खेळाडूच्या जंप शॉटचा (उडी मारून चेंडू फेकण्याच्या शैलीचा) असतो. एनबीएतील नामवंत नेमबाज स्टेफ करीच्या हातून चेंडू चटकन सुटतो, तर एखाद्या उंच सेंटरचा शॉट रेंगाळतो. त्यातच सेटिंगमध्ये टायमिंगची खूण ‘पुश’ (चेंडू ढकलण्याचा क्षण) ऐवजी ‘रिलीज’ (चेंडू हातातून सुटण्याचा क्षण) केली की बटण सोडण्याचा अचूक क्षण उशिरा येतो. मित्राकडून आकडा घेताना या दोन्ही गोष्टी विचारल्या नाहीत, तर तो घेऊन काहीही उपयोग नाही.

हिंजवडी
वरील मताला माझा दुजोरा आहे. ‘तुमच्या टीव्हीचा लॅग (चित्र दिसायला लागणारा उशीर) जास्त आहे, स्क्रिप्टचा आकडा वाढवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. मी फोनवर सेकंदाला २४० फ्रेमच्या वेगाने अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत येतील असे चित्रीकरण केले. अंगठा बटणावर टेकल्यापासून पडद्यावरचा खेळाडू हलेपर्यंत जाणाऱ्या फ्रेम टीव्हीचा गेम मोड (हा उशीर कमी करणारी सेटिंग) लावल्यावर बऱ्याच कमी झाल्या, पण स्क्रिप्टने मिळणाऱ्या ग्रीन रिलीजमध्ये (अचूक क्षणी सुटलेल्या शॉटमध्ये) काडीचाही फरक पडला नाही. स्क्रिप्ट पडद्याकडे पाहतच नाही, ती फक्त दाबणे आणि सोडणे यांतले अंतर मोजते. पडदा पाहून हाताने शॉट सोडणाऱ्यांनी मात्र गेम मोड लावलाच पाहिजे.

दुसरी बाब फ्रेमची आहे. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एक फ्रेम सुमारे १६.६७ मिलिसेकंदांची होते. ५०८ मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ साडेतीस फ्रेम, आणि दाबण्याचा क्षण फ्रेमच्या आरंभी पडला की शेवटी, त्यानुसार गेमला ते दाबणे कधी ३० तर कधी ३१ फ्रेमचे वाटते. तोच आकडा असूनही मधूनच एखादा शॉट ‘किंचित उशिरा’ दाखवतो त्यामागे हे एक कारण आहे. त्यामुळे दोन-तीन मिलिसेकंदांवरून चालणारे वाद मला कट्ट्यावरच्या गप्पांइतकेच उपयोगाचे वाटतात.

शनिवार पेठ
झेनला संगणक ओळखत नसेल तर आधी केबल बदलून पाहावी. मोबाइलबरोबरच्या काही केबल केवळ चार्जिंगच्या असतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत ‘डेटा केबल’ असे स्पष्ट सांगून घ्यावी, म्हणजे पुढचा मनस्ताप टळतो.

डेक्कन
मी मैदानावरही खेळतो, त्यामुळे यंत्राने माझ्या वतीने शॉट सोडावा हे मनाला पटत नव्हते. जीपीसीमध्ये कंट्रोलर थरथरवण्याचीही सोय आहे, म्हणून मी स्क्रिप्टला बटण सोडू न देता योग्य क्षणाच्या जरा आधी हलका झटका द्यायला लावले. ‘जरा आधी’ हे महत्त्वाचे आहे, कारण झटका जाणवून अंगठा उचलेपर्यंत साधारण पाव सेकंद निघून जातो आणि तेवढी वजावट आधीच करावी लागते. काही आठवड्यांनी मी थरथर बंद केली, तरी लय अंगठ्यात बसलेली होती. पडद्यावर टायमिंग दाखवणाऱ्या शॉट मीटरकडे तर आता लक्षही जात नाही.

सहकारनगर
माझी बाजू जरा वेगळी आहे. मनगटाच्या जुन्या दुखापतीमुळे मला बटण दाबता येते, पण ठरलेल्या क्षणी सोडता येत नाही. स्टीम इनपुटमध्ये बटणाच्या दाबाला सुरुवातीचा आणि शेवटचा विलंब देता येतो. शेवटचा विलंब वाढवून मी हलक्या टिचकीचा पूर्ण शॉट करून घेतला. त्यासाठी कोणतेही वेगळे उपकरण लागले नाही. लबाडी कोणती आणि गरज कोणती, हे ठरवताना माझ्यासारख्यांचाही विचार व्हावा.

विमाननगर
एक्सबॉक्सवाल्यांनी उपकरण विकत घेण्यापूर्वी चौकशी करावी. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२३ पासून अनधिकृत उपकरणे अडवायला सुरुवात केली आहे.

धायरी
धावता धावता मारलेल्या शॉटला आणि फ्री थ्रोला एकच आकडा चालतो का? उभ्या शॉटचा माझा आकडा व्यवस्थित बसला आहे, पण फ्री थ्रो सारखे हुकतात.

कोथरूड
चालत नाही. फ्री थ्रोची हालचाल निराळी असते, म्हणून त्याला वेगळा कॉम्बो द्यावा आणि तो वेगळ्या बटणाने चालू-बंद करावा. धावत्या शॉटचा नाद मी सोडून दिला आहे. ड्रिबलवरून मारलेला, पास घेऊन मारलेला आणि मागे झुकून मारलेला अशा प्रत्येक शॉटची लांबी बदलते आणि बटण दाबताना यांपैकी कोणता शॉट निघणार हे स्क्रिप्टला कळायला मार्ग नाही. तेथे हातानेच सोडावे.