दूध पचत नाही आणि राहता इंदुरात? तुमचे अनुभव सांगा

सराफा बाजारात रात्री रबडी, खव्याची मावाबाटी आणि इथली ती दाट दुधाची शिकंजी. घरी सणाला बासुंदी. अशा गावात दूध न पचणाऱ्याला लोक ‘नाटकं’ म्हणतात. नाटकं नव्हेत ती. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, तोडणारं लॅक्टेज नावाचं एन्झाइम लहान आतड्यात कमी पडलं की साखर तशीच मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथले जिवाणू तिच्यावर तुटून पडतात. मग गुडगुड, गॅस, धावपळ. वय वाढलं की जगातल्या निम्म्याहून जास्त माणसांचं लॅक्टेज कमीच होतं. तर काय खाता, काय टाळता, कुठे फसायला होतं ते मोकळेपणाने लिहा. ‘पोट साफ ठेवा’ छाप सल्ले नकोत.

रामबागवाली
माझं निदान श्वासाच्या तपासणीत झालं. लॅक्टोजचं पाणी प्यायला देतात आणि थोड्या थोड्या वेळाने फुंकरीतला हायड्रोजन मोजतात. बाहेरचं खाणं मात्र सुटलं नाही. पोहे, वर शेव आणि जीरावन मसाला, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत खोपरा पॅटिस, थंडीत तळलेला गराडू कंद. यात दुधाचा संबंध नाही. साबुदाण्याची खिचडीही चालते. खरा दगा देतो तो भुट्ट्याचा कीस! दिसायला बिचारा मका, पण शिजवतात दुधात. म्हणून तो मी घरीच करते. कोवळी कणसं किसायची, तुपात जिरं-मोहरी-हिंग-हिरवी मिरची, कीस टाकून मंद आचेवर परतत राहायचं. कच्चा वास गेला, कडेला तूप सुटायला लागलं की दुधाऐवजी नारळाचं दूध, थोडं थोडं. एकदम ओतलं तर लगदा होतो. नारळाने गोडसरपणा येतो म्हणून लिंबू सढळ हाताने पिळा. तुपाला घाबरू नका, त्यात लॅक्टोज नावापुरतंच असतं. दाल-बाफले (बाफले म्हणजे उकडून भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे) बिनधास्त खा.

सुदामानगरची सून
आमच्याकडे अहो आईंना आणि मला दोघींनाही हा त्रास आहे, त्यामुळे स्वयंपाकघरात एकमत! आमचा हिशेब सोपा आहे. पाणी निथळलं की लॅक्टोज बरंचसं त्याबरोबर जातं, आटवलं की सगळं आतच राहतं. म्हणून चक्का, पनीर, रसगुल्ला माफक चालतात; खवा, रबडी, पेढा नाही. श्रीखंडाची छोटी वाटी आम्ही दोघी आनंदाने खातो. दह्याचं म्हणाल तर विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच संपवतात आणि उरलेलं पचवायला पोटातही हातभार लावतात. ताजं अदमुरं दही नको, चांगलं लागलेलं हवं. ताक जेवणाबरोबर, रिकाम्या पोटी नाही. ‘दूधदुभतं सगळं बंद’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. कपभर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं आणि तेवढं एका वेळी बऱ्याच जणांना निभतं. आपली मर्यादा आपणच शोधायची.

विहानची आई
ताई, तुमचं सगळं पटलं, पण एक लाल रेघ मारते. माझ्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. ती साखरेची नव्हे, प्रथिनांची. त्याला चक्का, पनीर, दही काहीच चालत नाही, लॅक्टोजमुक्त दूधही नाही. तुपाचंसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं असलं काही होत असेल तर वरचे प्रयोग घरी करू नका. कोणा काकूंनी प्रेमाने भरवलेला पेढा आम्हाला थेट इस्पितळात घेऊन गेला होता.

भंवरकुआँचा पीजीवाला
मला फक्त चहाचं दुःख आहे.
लॅक्टोजमुक्त दुधाचं खोकं मिळतं. त्यात लॅक्टोज आधीच फोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज केलेलं असतं, म्हणून गोड लागतं. चहात साखर कमी घाला. सोयाचं दूध आल्याच्या चहात फाटतं. ते वेगळं गरम करून शेवटी, गॅस बंद केल्यावर घातलं तर बरं टिकतं. चव? सवय होते म्हणतात. मला अजून झालेली नाही.

निवृत्त मास्तर
बकरीचं दूध चालेल असं कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो: त्यातही लॅक्टोज आहे. आणि हाडांचं काय ते तरुण मंडळी विसरतात. १०० मिली गाईच्या दुधात १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तर १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या जवळपास. दिसायला नाचणी वरचढ, पण तिच्यातलं सगळं अंगी लागत नाही. मोड आणून सत्त्व करा, जरा फरक पडतो. शिवाय न सोललेले तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला. शाकाहारी असून दूध पुरतं सोडलं असेल तर बी-१२ तपासून घ्या, ते नाचणीत नाही.

लोकमान्यनगर
गॅस्ट्रो होऊन गेल्यावर दूध बाधायला लागलं असेल तर घाबरू नका. आतड्याचं अस्तर भरून आलं की बहुतेकांचं पुन्हा ठीक होतं. माझं झालं.

रामबागवाली
कोणी विचारलं होतं म्हणून शेंगदाण्याचं दही. दाणे रात्रभर भिजवून सालं काढा, पाणी घालून गुळगुळीत वाटा, गाळा. ते दूध ढवळत उकळा, नाहीतर तळाला लागतं. कोमट झालं की मिरच्यांची देठं मूठभर, धुऊन, त्यात बुडवून झाकून ठेवा. विरजण तेच. पहिलं दही पातळ आणि जरा उग्र होतं; त्यातलं चमचाभर घेऊन दुसरं लावा, ते खरं खाण्याजोगं. कढीला उत्तम, श्रीखंडाला नाही.

पीजीवाला
देठं हिरव्या मिरचीची की लाल?

रामबागवाली
दोन्ही चालतात रे. थंडीत मात्र भांडं शालीत गुंडाळून ठेव, आणि पीजीच्या मावशींना आधी सांग, नाहीतर फेकून देतील.