शब्दचर्चा: ‘भास’, ‘भ्रम’ आणि ‘बाहेरचं’

परवा घरी सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघितला. मानसोपचारतज्ज्ञ आणि त्याची पेशंट; तिला रात्री खोलीत कुणीतरी उभं दिसतं. मराठी डबिंगमध्ये डॉक्टर तिला सांगतो, “हा तुमचा भ्रम आहे.” मी तिथंच अडखळलो. इथं ‘भास’ हवा होता ना?

क्रियापदं बघा. भास ‘होतो’, भ्रमात माणूस ‘राहतो’. नसलेला आवाज ऐकू येतो, नसलेलं माणूस दिसतं, तो भास. शेजारी आपल्या पाण्यात विष कालवतात अशी समजूत, कितीही समजावलं तरी न हलणारी, तो भ्रम. धातूही तेच सांगतात: भास् म्हणजे चमकणं, दिसणं, भ्रम् म्हणजे भटकणं. बोलताना आपण दोन्हींची सरमिसळ करतो आणि ते चालतंही, पण डॉक्टरच्या तोंडी चालू नये. पेशंटला नेमकं काय होतंय हे ओळखणं हेच त्याचं काम.

आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. शेजारच्या तेलुगू आज्जी तो प्रसंग बघून लगेच म्हणाल्या, “दय्यम पट्टिंदी.” भुतानं धरलंय. आमच्या अक्कलकोटच्या मामी कन्नडमध्ये भुताला ‘देव्व’ म्हणतात. दय्यम आणि देव्व, दोन्ही ‘दैव’वरून आलेले! आमची आई मात्र एवढंच म्हणाली, “हिला बाहेरचं झालंय.” या ‘बाहेरचं’बद्दल कुणी सांगेल का?

प्रतिसाद (बार्शी):
भास-भ्रम पटलं. पण ‘बाहेरचं’ टाकूनच द्या. या एका शब्दापायी माणसं दवाखान्याऐवजी देवऋषाकडे जातात.

प्रतिसाद (पंढरपूर):
शब्द जुन्या वळणाचा आहे. चरकसंहितेत उन्मादाचे 5 प्रकार सांगितलेत. त्यातले चार प्रकार शरीरातल्या दोषांमुळे होणारे, म्हणजे ‘निज’, आणि पाचवा ‘आगंतू’, बाहेरून आलेला. पण त्याच ग्रंथाच्या निदानस्थान या भागात पुढं म्हटलंय की जो स्वतःच आधी क्लेशात नाही, त्याला देव, गंधर्व, पिशाच, राक्षस कुणीही त्रास देत नाहीत. आणि ‘पिसा’ म्हणजे वेडा हा शब्दही ‘पिशाच’वरूनच आलाय. वेड आणि भूत आपल्या भाषेत एकाच घरात नांदलेत.

मूळ प्रश्नकर्ता:
पंढरपूरकर, तुमचा चरक वाचून मन भरून आलं. बार्शीकर, तुमची तळमळही कळते. माझ्या चुलत बहिणीला आवाज ऐकू यायचे; ‘बाहेरचं’ म्हणत घरच्यांनी दोन वर्षं घालवली. गोळ्या सुरू झाल्यावर ती पुन्हा शिवणकामाला बसली. तरी शब्द काढून टाकावा असं मला वाटत नाही. पेशंटची आई ‘बाहेरचं’च म्हणणार, आणि डॉक्टरला तो शब्द ऐकून त्यामागचं विचारता आलं पाहिजे: काय दिसतं, कधी दिसतं, आवाज काय सांगतो. सिनेमात आईच्या तोंडी ‘बाहेरचं’, डॉक्टरच्या तोंडी ‘भास’ आलं असतं, तर सगळा ताण त्या दोन शब्दांतच उभा राहिला असता.

‘लागीर’ राहिलाच. तो ‘लागणे’वरून आला असावा असं मला वाटतं. माढा-करमाळ्याकडं ‘लागीर झालं’ आणि ‘झपाटलं’ यांत फरक करतात का? तिकडच्या कुणीतरी लिहा.