मदत हवी आहे: स्पर्धेची पीडीएफ 10 एमबीत बसत नाहीये (तातडीचं)

रेघोटी (बुधवार, रात्री 10:42)
लोकहो, पटकन सांगा. प्रादेशिक वास्तुकला आणि डिझाइन पुरस्काराची प्रवेशिका भरतेय. बोर्ड (सादरीकरणाची मोठी पानं) झालेत, मजकूर झालाय, पण पीडीएफ 31 एमबीची होते आणि अर्जाचं पान 10 च्या वर काही घेत नाही. फोटो 300 वरून 150 डीपीआयला (एका इंचातले ठिपके) आणले, 31 ची 29 झाली. 96 ला आणले, 28! फोटो चिखल झाले तरी फाईल जागची हलत नाही. फुकट कॉम्प्रेस करून देणाऱ्या दोन साइट वापरल्या, त्यातल्या एकीने जोडाक्षरांचे हातपाय तोडून दिले. परवा रात्री 12 ला मुदत संपतेय. आणि प्लीज, झिप करा म्हणून सांगू नका, झिप चालत नाही.

खटपट्या (10:49)
झिप करून बघितलं का?

रेघोटी (10:50)
शेवटचं वाक्य वाचा.

ओळंबा (10:58)
किती बोर्ड? केवढे? पीडीएफ कशातून काढता? बोर्डावर फोटोंशिवाय काय काय आहे? फोटो इतके आवळूनही फाईल उतरत नसेल तर वजन फोटोंचं नाही, एवढं मात्र आत्ताच सांगतो.

निवृत्त_नकाशा (11:15)
आमच्या वेळी एमबी नव्हते. ट्रेसिंगवर शाईने काढायचं, अमोनिया प्रिंट मारायची, नळकांड्यात घालून टपालाने पाठवायचं. चूक झाली की ब्लेडने खरवडायचं. त्यामुळे रेघ मारण्याआधी माणूस विचार करायचा. हल्ली बोर्डावर इतकं कोंबतात की इमारत शोधावी लागते. मी काही वर्षं परीक्षक होतो. एक फोटो, एक छेद (इमारत उभी कापून आतलं दाखवणारं चित्र), एक नकाशा, बास. बाकी सगळं पुसा, फाईल आपोआप लहान होईल.

रेघोटी (11:21)
काका, नियमांतच स्थळनकाशा, सर्व मजले आणि किमान दोन छेद मागितलेत. पुसू काय?
@ओळंबा, 2 बोर्ड, ए1 उभे. नकाशे कॅडमधून (आरेखनाचं सॉफ्टवेअर) पीडीएफ करून इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) ठेवलेत. हे सगळं लागतं का सांगायला?

ओळंबा (11:34)
लागतं. तुमचं दुखणं तिथेच आहे. कॅडमधून आलेला नकाशा म्हणजे चित्र नव्हे, त्यातली प्रत्येक रेघ फाईलमध्ये वेगळी लिहिलेली असते. डीपीआय कमी केल्याने रेघेला काही होत नाही. स्थळनकाशात झाडांचे ब्लॉक (तयार चित्रं) आहेत ना, पान न् पान काढलेले? आणि जमिनीला ठिपक्यांचा हॅच, म्हणजे भरणी? अ‍ॅक्रोबॅट प्रो असेल तर पीडीएफ ऑप्टिमायझरमध्ये ‘ऑडिट स्पेस युसेज’ दाबा. इमेजेस किती आणि कंटेंट स्ट्रीम्स (म्हणजे रेघा आणि मजकूर) किती, ते टक्क्यांत दिसेल.

गच्चीवरचा (11:40)
फी भरलीत ना? मग पुरस्कार मिळाल्यातच जमा. आधी प्रवेश फी, मग विजेत्याने सोहळ्याचं टेबल घ्यायचं, मग मानचिन्हाची जादा प्रत विकत घ्यायची. हा सगळा फलक विकायचा धंदा आहे.

निवृत्त_नकाशा (11:52)
सरसकट बोलू नका. ब्रिटनमध्ये रिबा या वास्तुरचनाकारांच्या संस्थेचे प्रादेशिक पुरस्कार असतात, तिथे परीक्षक इमारतीत जाऊन बघतात. प्रादेशिक पुरस्कारातून राष्ट्रीय आणि त्यातून वर्षातल्या सर्वोत्तम इमारतीचं स्टर्लिंग पारितोषिक, अशी ती शिडी आहे. नॉरिचमधली गोल्डस्मिथ स्ट्रीट ही नगरपरिषदेची भाड्याची घरं. 2019 मध्ये पूर्व विभागाच्या पुरस्कारापासून निघाली आणि त्याच वर्षी स्टर्लिंग घेऊन थांबली. कोणी टेबल विकत घेतलं होतं तिथे?

गच्चीवरचा (11:57)
एक उदाहरण. बाकीच्या शंभर पुरस्कारांचं काय?

निवृत्त_नकाशा (गुरुवार, 12:06)
आगा खान वास्तुकला पुरस्कार. 1977 पासून, तीन वर्षांतून एकदा. तज्ज्ञ प्रत्यक्ष जागेवर जाऊन अहवाल देतात, मग परीक्षक ठरवतात. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींच्या इंदूरच्या अरण्य वसाहतीला 1995 मध्ये तो मिळाला तेव्हा लोक तिथे राहत होते, घरं वाढवत होते. नुसत्या गुळगुळीत फोटोंवर नाही मिळाला.

रेघोटी (12:09)
माझी फाईल अजून 28 एमबी आहे.

पायरीपायरीने (12:20)
इथे वास्तुरचनाकार जमलेत म्हणून विचारतो. आमच्या घराच्या जिन्याने आईचे गुडघे दुखतात. पायरीची उंची किती असावी?

गच्चीवरचा (12:24)
150 ते 165 मिमी उंची, 300 च्या आसपास पाऊल (पाय ठेवायची रुंदी). जुना हिशेब असा की दोन उंच्या अधिक एक पाऊल मिळून 600 ते 640 यावेत. आणि सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात. एकच वेगळी असली की पाय तिथेच फसतो.

ओळंबा (12:27)
बरोबर, पण धागा पीडीएफचा आहे. रेघोटी, ऑडिट काय म्हणतं?

रेघोटी (12:31)
इमेजेस 11 टक्के, कंटेंट स्ट्रीम्स 84 टक्के. हो, झाडं पानापानांची आहेत. 140 झाडं. नेटवरून उतरवलेला ब्लॉक होता, सुंदर दिसत होता.

ओळंबा (12:45)
मग झाडंच तुम्हाला बुडवतायत. फक्त स्थळनकाशा चित्र करा, बाकी रेघा राहू द्या. बोर्डावर तो 200 मिमी रुंद असेल तर 300 डीपीआयला जेमतेम 2362 पिक्सेल होतात, काहीच वजन नाही. मात्र चित्र करण्याआधी रेघांची जाडी तपासा. 300 डीपीआयला एक पिक्सेल 0.085 मिमीचा, त्यामुळे तुमची 0.05 ची रेघ कुठे करडी दिसेल, कुठे गायबच होईल. 0.18 च्या खाली जाऊ नका. नकाशातली नावं चित्रात घेऊ नका, इनडिझाइनमध्ये वरून टाइप करा. फोटो परत 150 ला न्या, उगाच शिक्षा दिलीत त्यांना. आणि प्रमाण 1:200 असं अंकांत लिहिलं असेल तर ते काढून मापाची पट्टी काढा. पडद्यावर बोर्ड कोण किती मोठा करून बघेल याचा नेम नाही, अंक तिथे खोटा ठरतो.

शून्य_मिनिट (12:52)
धागा उशिरा पाहिला. परवा रात्री 12 म्हणजे नक्की कुठले 12? नियमांतली ओळ जशीच्या तशी टाका.

रेघोटी (12:55)
“शुक्रवार, 00:00 वाजेपर्यंत.” लिहिलंय की, शुक्रवारी रात्री 12.

शून्य_मिनिट (12:56)
नाही हो. 00:00 ला शुक्रवार सुरू होतो. तुमची मुदत आज, गुरुवारी रात्री संपते.

रेघोटी (12:58)
अरे देवा.

खटपट्या (12:59)
तरी मी म्हणत होतो झिप करा.

मोजपट्टी (सकाळी 7:10)
मुदतीत बसणार असाल तर आणखी काही विचारते. इमारत नवी आहे का? कुठल्या गटात भरताय? आणि फोटो कुणी काढले?

रेघोटी (7:31)
जुनं गोदाम होतं, त्याची अभ्यासिका केली. ‘सार्वजनिक इमारत’ गटात भरलंय. फोटो मित्राचे. पण मी हे विचारलेलं नाही.

मोजपट्टी (7:48)
विचारलेलं नाही, पण नडेल तेच. जुन्या वास्तूच्या नव्या वापराचा गट असेल तर तिकडे जा. सार्वजनिक गटात कोऱ्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या चकचकीत इमारतींशी गाठ पडेल आणि तुमचं खरं काम दिसणारच नाही. कुठली भिंत ठेवली, कुठली पाडली, छत कशावर तोललं, हे पहिल्या दोन वाक्यांत यायला हवं. शिवाय आधीचा एक फोटो, मोबाईलवर काढलेला का असेना.
मित्राकडून ईमेलवर लेखी होकार घ्या. छायाचित्रांच्या प्रसिद्धीचा हक्क आपल्याकडे आहे, अशी खूण अर्जात करावी लागते. आपण पैसे दिले म्हणजे हक्क आपला झाला असं नसतं. मी यात पोळले आहे. निकालानंतर छायाचित्रकाराने आक्षेप घेतला आणि माझं पान छापून यायचं राहिलं.

निवृत्त_नकाशा (8:05)
गटाबद्दल असहमत. इमारत चांगली असेल तर कुठल्याही गटात दिसते.

मोजपट्टी (8:09)
परीक्षकाला दिसते, काका. पण आधी छाननी करणाऱ्याला दिसायला हवी ना.

शून्य_मिनिट (8:20)
बोर्डावर नाव चालतं की निनावी आहे?

रेघोटी (8:26)
निनावी. नाव, लोगो काही नको म्हणतात, फक्त प्रवेशिका क्रमांक. ते केलंय मी.

निवृत्त_नकाशा (8:40)
निनावी असणं फार मोलाचं. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाच्या स्पर्धेत 1981 मध्ये 1,421 प्रवेशिका होत्या. 1026 क्रमांकाची निवडली गेली. पाकीट उघडल्यावर कळलं की ती 21 वर्षांच्या माया लिन या विद्यार्थिनीची आहे. पेस्टलची साधी चित्रं आणि एक टिपण, एवढंच. नावं दिसली असती तर कुणी ढुंकून पाहिलं असतं का?

गच्चीवरचा (8:44)
हे मात्र खरं. (काकांशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.)

शून्य_मिनिट (8:51)
रेघोटी, बोर्डावरून नाव काढलं, पण बाकी ठिकाणी बघितलं का? फाईलचं नाव, पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधला ऑथर, कॅडच्या शीटवरचा टायटल ब्लॉक (नाव-माहितीची चौकट). शिवाय फोटोत दाराजवळ पाटी किंवा कोनशिला आहे का?

रेघोटी (9:02)
मुख्य फोटोत कोनशिला आहे. तिच्यावर माझं नाव आहे. वाचता येतं. पहिल्याच बोर्डावर, अर्ध्या पानाचा फोटो.

मोजपट्टी (9:05)
कापा. पुसून टाकू नका. फोटोत फेरफार चालतो की नाही ते नियमांत बघेपर्यंत दुपार होईल.

ओळंबा (9:07)
आणि कापल्यावर इनडिझाइनमधून निर्यात करताना चित्राचा चौकटीबाहेरचा भाग टाकून द्यायची खूण चालू ठेवा. नाहीतर कोनशिला फाईलमध्ये लपून बसेल आणि तिचं वजनही तुम्हीच वाहाल.

रेघोटी (रात्री 9:38)
7.4 एमबी. गेली. झाडांचे साधे गोल केले आणि नकाशा उलट बरा दिसतोय, हे कबूल करायला जड जातंय. गट बदलला, मित्राचा मेल आला. फोटो कापल्यावर दाराची डावी चौकट गेली, तेवढी खटकते. ओळंबा, शून्य_मिनिट, मोजपट्टी, तिघांचे आभार. खटपट्या, तुमचेही, कशाबद्दल ते माहीत नाही.

पायरीपायरीने (9:55)
अभिनंदन. मी आमचा जिना मोजला. उंची 190 आहे आणि सर्वात वरची 215. आता काय करू?

गच्चीवरचा (10:01)
वेगळा धागा काढा. पाऊल किती आहे ते लिहा, आणि जिना आरसीसी आहे की लाकडी तेही आधीच सांगा.