नॅशव्हिलचा लढा: श्रेय एकट्या लॉसनना का?

वैदर्भीय
अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात १९६०ला दुकानांतल्या खाण्याच्या काउंटरवरच्या वर्णभेदाविरुद्ध जे आंदोलन झालं, त्याचा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं नाव येतं ते विद्यार्थ्यांना अहिंसक लढ्याची शिबिरं देणाऱ्या जेम्स लॉसन यांचं. कारण उघड आहे. १९५३ ते ५६ ते नागपुरात हिस्लॉप कॉलेजात होते आणि इथे त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. मी नागपूरचाच, मलाही त्याचा अभिमान आहे. पण तो लढा उभा राहिला तो गावातल्या पुढाऱ्यांमुळे, आणि त्यांची साधी नावंही आपल्या कानावर येत नाहीत याचं वाईट वाटतं.

वकील झेड. अलेक्झांडर लूबी १९५१ला नगरपरिषदेवर निवडून आले. १९५५मध्ये त्यांनी आणि अ‍ॅव्हन विल्यम्स यांनी शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्ध दावा लावला. १९५७ला पहिलीतली काही कृष्णवर्णीय मुलं गोऱ्यांच्या शाळांत जाऊ लागली, तर हॅटी कॉटन ही शाळाच स्फोटाने उडवली गेली. अशा गावात पाद्री केली मिलर स्मिथ यांनी १९५८ला नॅशव्हिल ख्रिश्चन लीडरशिप कौन्सिल काढली. लॉसन यांची शिबिरं भरली ती या संघटनेच्या पाठबळावर. मशागत आधीच झालेली होती.

अरुंधती_क
अजिबात पटलं नाही. दावे लावणारे वकील आणि धीट पाद्री दक्षिणेतल्या इतर शहरांतही होते. नॅशव्हिलचं वेगळेपण शिबिरांतच होतं. चर्चच्या तळघरात रंगीत तालीम चालायची. अर्ध्या मुलांनी गोरे गुंड व्हायचं, शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, स्टुलावरून खाली ओढायचं. उरलेल्यांनी हात उचलायचा नाही, उलट बोलायचं नाही, ताठ बसून तोंड काउंटरकडेच ठेवायचं.

१३ फेब्रुवारीला वूलवर्थ, क्रेस आणि मॅक्लेलन या दुकानांच्या, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या लंच काउंटरवर शंभरावर विद्यार्थी जाऊन बसले. २७ला त्यांना मारहाण झाली. पोलिसांनी पकडलं मात्र मार खाणाऱ्यांनाच. एक तुकडी गाडीत चढली की दुसरी त्याच स्टुलांवर येऊन बसे. हे वकिलाच्या कचेरीत शिकता येत नाही.

आणि स्थानिक म्हणजे नेमकं कोण? विद्यार्थ्यांचे पुढारीच बघा: डायन नॅश शिकागोची, जॉन लुईस अलाबामाचा, जेम्स बेव्हल मिसिसिपीचा.

वैदर्भीय
अहो, लूबीही मूळचे अँटिग्वा बेटावरचे. जो गावात राहून गावाचं भोगतो त्याला मी स्थानिक म्हणतो. पोरं पकडली गेली तेव्हा लूबींच्या पुढाकाराने १३ वकील कोर्टात उभे राहिले. प्रत्येकाला ५० डॉलर दंड झाला, तो न भरता पोरांनी तुरुंग पत्करला. मार्चमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने तिथे शिकणाऱ्या लॉसन यांना काढून टाकलं, तरी आंदोलन थांबलं नाही. आणि १९ एप्रिलच्या पहाटे बाँब पडला तो लूबींच्या घरावर. स्फोट एवढा मोठा की जवळच्या मेहॅरी मेडिकल कॉलेजच्या खिडक्यांची तावदानं फुटली. लढ्याचा आधार कोण आहे हे बाँब टाकणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

ओसरी
तुम्ही दोघंही बाजारपेठ विसरताय. बाँबनंतर हजारो माणसं गुपचूप चालत सिटी हॉलवर गेली. तिथे नॅशने महापौर बेन वेस्ट यांना सरळ विचारलं, केवळ रंगावरून भेदभाव करणं चूक वाटतं का? त्यांनी ‘हो’ म्हटलं. प्रसंग मोठा आहेच. पण काउंटर महापौरांच्या मालकीचे नव्हते! ईस्टरची खरेदी म्हणजे दुकानदारांचा सुगीचा काळ, आणि त्याच वेळी कृष्णवर्णीय घरांनी डाउनटाउनमध्ये खरेदी बंद केली. फिस्क विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ व्हिव्हियन हेंडरसन या बहिष्कारामागे होते. १० मे रोजी सहा दुकानांनी काउंटर खुले केले, ते गल्ला रिकामा दिसल्यावर. मुलांना नवे कपडे न घेता ज्या बायकांनी ईस्टर साजरा केला, त्या माझ्या लेखी पुढारीच.

अरुंधती_क
बहिष्काराचं मान्य. पण तो पेटला पोरांनी मार खाल्ल्यावर, आधी नाही. क्रम महत्त्वाचा आहे.

रेघोट्या
विजय म्हणताना जरा हात आखडता घ्या. सहा काउंटर उघडले. इतर बऱ्याच हॉटेलांसाठी सार्वजनिक ठिकाणी वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या १९६४च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत झगडावं लागलं. पुढे त्याच दशकात आय-४० महामार्ग कृष्णवर्णीयांच्या जेफर्सन स्ट्रीटच्या वस्तीतून नेला. भरभराटीची दुकानं गेली, घरं गेली. तेव्हा कुठे होती या पुढाऱ्यांची ताकद?

वैदर्भीय
कोर्टात होती. महामार्गाविरुद्ध रहिवाशांनी समिती केली आणि त्यांचा दावा चालवला १९५५च्या शाळांच्या दाव्यातल्या त्याच अ‍ॅव्हन विल्यम्स यांनी. हरले, हे खरं. पण बाहेरचे पाहुणे आणि वर्तमानपत्रं निघून गेल्यावरही ते तिथेच लढत होते, आणि १९६८मध्ये टेनेसीच्या राज्य सिनेटवर निवडून आले. अरुंधतीताई, क्रमाचाच मुद्दा असेल तर यांना दोन्ही टोकांना धरावं लागेल, शिबिरांच्या आधी आणि नंतरही.