एमएस्सी प्रोजेक्ट : कुत्र्यांच्या गोचिडींवर काम, पण जेल आणि पीसीआर दोन्ही रुसलेत

कळवा_बायोकेम
नमस्कार मंडळी. ठाण्यात एमएस्सी बायोकेमिस्ट्री करतेय, शेवटचं वर्ष. खारेगावातले एक पशुवैद्य गोचिडी देतात, म्हणतात हव्या तेवढ्या ने. लाळग्रंथींतली प्रथिनं जेलवर (आकारानुसार वेगळी करून पट्ट्यांच्या रूपात) बघायची आणि त्याच गोचिडींत एर्लिकिया (कुत्र्यांना गोचिडीतून होणारा जीवाणू) आहे का ते पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवून) तपासायचं, असा बेत आहे. अख्ख्या गोचिडी बफरमध्ये कुटून जेल लावला तर दोन जाडजूड पट्टे आले, बाकी सगळं त्यात बुडालं. पीसीआर कोरा. पॉझिटिव्ह कंट्रोलचा डीएनए मुद्दाम त्यात मिसळला, तरी कोराच. गाइड सर म्हणतात प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होतो ते डीएनएचे छोटे तुकडे) बदल. बदलू का?

ऐरोलीची_जेलवाली
प्रायमरला हात लावू नकोस. कंट्रोल मिसळून बघितलास हे झकास केलंस, उत्तर त्यातच आहे: तुझ्या नमुन्यात पीसीआर अडवणारं काहीतरी आहे. ते म्हणजे हीम, रक्ताच्या हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग. आणि ते दोन पट्टे गोचिडीचे नाहीतच गं, कुत्र्याचे आहेत. 66 किलोडाल्टनजवळचा (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) अल्ब्युमिन, 15 च्या आसपासचा हिमोग्लोबिन. रक्त पिऊन बसलेला प्राणी अख्खा कुटलास तर दुसरं काय दिसणार?

पीसीआरपुरतं सांगायचं तर डीएनए दहापट पातळ करून बघ, मिश्रणात थोडा बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घाल. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

प्रथिनांसाठी मात्र कापाकापीला पर्याय नाही. टम्म फुगून करड्या झालेल्या माद्या डॉक्टरांना परत दे. पोट भरून सुटल्यावर काही दिवसांतच त्यांच्या लाळग्रंथी विरघळायला लागतात. अर्धवट फुगलेल्या, अजून कातडीला चिकटलेल्या माद्या माग. पेट्री डिशमध्ये दुहेरी टेपवर पाठ वर करून चिकटव, वर थंडगार पीबीएसचा (खारट बफरचा) थेंब, आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ब्लेडच्या टोकाने कडेकडेने पाठीचं आवरण उचल. मधे काळपट लाल फांद्या दिसतील ते आतडं. ते फुटलं की संपलं, ती गोचीड बाजूला टाक आणि दुसरी घे. दोन्ही बाजूंना पांढुरके, जवळजवळ पारदर्शक द्राक्षाचे घोस दिसतील, त्या लाळग्रंथी. चिमट्याने उचलून स्वच्छ पीबीएसमध्ये दोनतीनदा खळबळून घे. सुरुवातीला हात थरथरतो, मग जमतं.

अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या गोचिडी डीएनएला चालतात. प्रथिनांना ताज्याच हव्यात.

पशुवैद्य_घोडबंदर
ताईंना अनुमोदन. माझी थोडी भर. डॉक्टरांकडून प्रत्येक कुत्र्याची दोन ओळींची माहिती घे: डॉक्सीसायक्लिन (एर्लिकियावरचं प्रतिजैविक) चालू आहे का, आणि फ्लुरालानर किंवा तत्सम गोचीड मारणारी गोळी दिली होती का. या गोचीडनाशक गोळ्या गोचिडीच्या मज्जातंतूंतल्या क्लोराइड वाहिन्या बंद पाडतात. ती मरायला टेकलेली गोचीड तुझ्या जेलवर काय सांगणार?

दुसरं, उत्साहाच्या भरात तबेल्यातल्या गुरांच्या गोचिडी आणायला जाऊ नकोस. त्यांत ह्यालोमा प्रकारची गोचीड असू शकते. क्रिमियन-काँगो तापाचा विषाणू ती वाहते, आणि 2011 मध्ये गुजरातेत माणसं दगावली आहेत. तो विषाणू हाताळायला पुण्याच्या एनआयव्हीसारखी (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) जागा लागते, कॉलेजची प्रयोगशाळा नाही. कुत्र्याची तपकिरी गोचीडसुद्धा नखाने चिरडायची नाही. हातमोजे घालायचे.

कळवा_बायोकेम
बाप रे, धन्यवाद! एकच शंका. ग्रंथी वेगळ्या काढल्यावर एर्लिकियासाठी आतडं वापरू की ग्रंथी?

ऐरोलीची_जेलवाली
दोन्ही, पण वेगवेगळ्या ट्यूबमध्ये. आतड्यात एर्लिकिया सापडला तर तो कुत्र्याच्या रक्तातला असेल, त्यावरून गोचिडीबद्दल काही सिद्ध होत नाही. ग्रंथीत सापडला तर बोलायला जागा आहे. त्याहून भारी म्हणजे जिथे कुत्री बांधतात तिथल्या भिंतीच्या भेगांतून उपाशी प्रौढ गोचिडी शोध. त्यांचं मागचं जेवण कात टाकण्याआधीचं. एर्लिकिया कॅनिस कात टाकूनही टिकतो, अंड्यांतून मात्र पुढे जात नाही. म्हणून अशी गोचीड पॉझिटिव्ह आली तर तिला महत्त्व आहे. वर रक्ताची कटकटही कमी.

आणि हीमला नुसत्या शिव्या घालू नकोस. गोचिडीला तो स्वतः बनवता येत नाही, सगळा उसना. 2016 मध्ये झेक संशोधकांनी इक्सोडिस रिसिनस जातीच्या माद्यांना कृत्रिम पडद्यातून हिमोग्लोबिन नसलेलं सीरम पाजलं. माद्या फुगल्या, अंडीही घातली, पण अंड्यांतून काही निघालं नाही. हिमोग्लोबिन थोडं मिसळलं की पिढी पुढे चालू. म्हणजे हीम वाहून नेणारी प्रथिनं अडवली तर गोचीड आवरता येईल का, हा खरा उपयोगाचा प्रश्न. सरांना चर्चेच्या प्रकरणात हे घालू का विचार. पण आधी एक स्वच्छ जेल मिळव आणि फोटो इथे टाक.